गोणीतले दोन किलो

सिमेंटच्या ५० किलोंच्या गोणीतला साधारण दोन किलो माल भट्टीचं तोंडही न पाहिलेला असतो. तो असतो जिप्सम. पांढुरका, कधी मातकट, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ दगड. चुनखडी आणि माती १४५० अंशांच्या आसपास भाजून क्लिंकरच्या करड्या गोट्या तयार होतात. त्या गिरणीत दळायला निघाल्या की शंभराला तीन ते पाच या प्रमाणात हा कच्चा दगड त्यांच्यासोबत सोडतात. पुण्याजवळच्या एका साइटवर गिलाव्याचं काम बघणाऱ्या मिस्त्रींना हे सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "म्हणजे साहेब, गोणीमागं दोन किलोंचा चुना लावतात की आपल्याला!"

लावत नाहीत. उलट हे दोन किलो काढून घेतले, तर उरलेल्या ४८ किलोंचा मिस्त्रींना काडीचा उपयोग नाही.

प्रयोगशाळेत हे करून पाहता येतं. नुसता क्लिंकर बारीक दळायचा, जिप्सम घालायचं नाही आणि त्यात पाणी कालवायचं. चमचा दोन-चारदा फिरतो, मग जड लागायला लागतो. वाटी हाताला गरम लागते. काही मिनिटांत आतला माल ढेकूळ होऊन बसतो आणि पुन्हा कितीही कालवला तरी सैल होत नाही. असं सिमेंट मिक्सरमधून घमेल्यात आणि घमेल्यातून भिंतीवर जाईपर्यंत संपलेलं असेल. ट्रान्झिट मिक्सरच्या ड्रममध्ये तर ते दगड होऊनच बसेल आणि ड्रम फोडावा लागेल.

हा सगळा उतावळेपणा क्लिंकरमधल्या एका घटकाचा. क्लिंकरमध्ये मुख्यतः चार खनिजं असतात. ताकद देणारी दोन कॅल्शियम सिलिकेटची, ती आपल्या गतीने तासांत, दिवसांत, महिन्यांत काम करतात. तिसरं लोहयुक्त, त्याचा फारसा त्रास नाही. चौथं ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट. प्रमाणात ते शंभरात पाच ते दहाच, पण पाणी दिसलं की आधी धावतं ते हेच. त्यातून उष्णता निघते, पत्र्यासारखे स्फटिक एकमेकांत अडकतात आणि सिलिकेटांना हात-पाय पसरायच्या आतच सगळा माल आखडून जातो. याला फ्लॅश सेट म्हणतात.

जिप्सम म्हणजे पाणी धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट. ते पाण्यात विरघळून सल्फेट सोडतं. त्या सल्फेटशी ॲल्युमिनेटची गाठ पडली की सुईसारखे सूक्ष्म स्फटिक तयार होतात, त्यांचं नाव एट्रिंगाइट. एका एट्रिंगाइटमध्ये पाण्याचे ३२ रेणू अडकलेले असतात. या सुयांचं वेष्टण ॲल्युमिनेटच्या कणाभोवती बसतं आणि पाणी आत शिरू देत नाही, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. अलीकडे संशोधकांचा कल जरा वेगळा आहे. सल्फेट कणाच्या पृष्ठभागावरच चिकटून त्याचं विरघळणं रोखून धरतं, असं त्यांना वाटतं. काही असो, बांधकामाच्या दृष्टीने निकाल एकच. दोन-तीन तासांची सवड मिळते. तेवढ्यात माल वाहायचा, ओतायचा, दाबायचा, सपाट करायचा. जिप्समचं प्रमाण नेमकं असलं तर सुरुवातीच्या दिवसांतली ताकदही चांगली येते, कारण सिलिकेटांची वाट मोकळी राहते.

ही सवड मोजायचं साधन अगदी साधं आहे, व्हिकॅटची सुई. भारतीय मानकाप्रमाणे ४०० ग्रॅम सिमेंट मोजलेल्या पाण्यात कालवून ४० मिलिमीटर उंचीच्या साच्यात भरतात. ३०० ग्रॅम वजनाच्या दांड्याला एक मिलिमीटर चौरस छेदाची सुई असते. ती मालाच्या पृष्ठभागाला टेकवायची आणि सोडायची. सुरुवातीला ती लोण्यात जावी तशी तळाला जाते. मग दर खेपेला थोडी वर अडकते. तळापासून पाच मिलिमीटरच्या आसपास अडकायला लागली की सेटिंगला सुरुवात झाली असं धरतात. पुढे सुईचा नुसता ठसा उमटतो आणि तिच्या भोवतीच्या कड्याचा उमटत नाही, तेव्हा सेटिंग पुरं. नेहमीच्या सिमेंटला पहिली घटका तीस मिनिटांच्या आत येता कामा नये आणि दुसरी सहाशे मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. बाजारातल्या बहुतेक सिमेंटची पहिली घटका दोन-तीन तासांवर असते.

सिमेंटचा जन्म झाला तेव्हा मात्र जिप्सम त्यात नव्हतं. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ साली. उभ्या भट्ट्यांतला तो माल कमी-जास्त भाजलेला असे आणि दळूनही जाडसर राही, त्यामुळे सावकाश धरे. तरी उतावळा वाटला तर कोठारात पसरून हवा खायला ठेवत. फिरत्या भट्ट्या आल्या, क्लिंकर एकसारखा भाजला जाऊ लागला, दळण बारीक झालं आणि नवं सिमेंट हाताळण्याआधीच आवळू लागलं. १८९० च्या सुमारास दळताना जिप्सम घालायची युक्ती रूढ झाली आणि फिरत्या भट्टीचा धंदा मार्गी लागला. आज जगातलं बहुतेक पोर्टलंड सिमेंट या युक्तीवर चालतं.

चंद्रपूर जिल्ह्यातला गडचांदूर-आवारपूर-घुग्घुस हा महाराष्ट्राचा सिमेंटपट्टा. चुनखडी तिथलीच, कोळसा वणी-बल्लारपूरकडचा हाताशी, आणि पोर्टलंड पॉझोलाना सिमेंटमध्ये मिसळायची राख चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची. एवढं सगळं उंबऱ्यावर आणि हा तीन-चार टक्क्यांचा दगड मात्र लांबून आणायचा. देशातल्या नैसर्गिक जिप्समचा मोठा भाग राजस्थानात आहे. बिकानेर, नागौर, बाडमेर, जैसलमेर, श्रीगंगानगर या भागांत वाळूखाली, बऱ्याच ठिकाणी अगदी उथळ थरांत तो सापडतो. आटत गेलेल्या खाऱ्या पाण्याने मागे ठेवलेला हा साका आहे. त्याशिवाय मिठागरांतून निघणारं सागरी जिप्सम असतं, ओमान-इराणकडून जहाजाने येणारं असतं आणि खतकारखान्यांतलं फॉस्फोजिप्समही असतं.

या शेवटच्या मालाकडे सिमेंटवाले जरा संशयाने बघतात. फॉस्फेट खडकावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून फॉस्फोरिक आम्ल काढतात, तेव्हा आम्लाच्या एका टनामागे सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम उरतं. माल फुकटात पडावा इतका मुबलक, पण त्यात फॉस्फेट आणि फ्लोराइडचे अंश राहतात आणि ते सेटिंग लांबवतात. धुतल्याशिवाय, निष्प्रभ केल्याशिवाय ते घातलं तर सकाळी ओतलेला स्लॅब संध्याकाळपर्यंत ओलाच. शिवाय खडकातलं थोडं रेडियमही त्यात उतरतं, म्हणून घराच्या भिंतींसाठी वापरताना तेही तपासावं लागतं. तरी त्याच्या भिंती होतात. चेंबूरची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स आणि कोचीची फॅक्ट या दोन सरकारी खत कंपन्यांनी फॉस्फोजिप्सम आणि काचतंतूंच्या पोकळ भिंती तयार करायचं तंत्र आणलं. त्यावर आयआयटी मद्रासने बांधणीचं शास्त्र रचलं आणि आपल्या आवारात नमुन्याची इमारतही उभी केली.

आणखी एक स्रोत आपल्या दारात येता येता राहिला. औष्णिक केंद्राच्या धुरातला गंधक चुनखडीच्या पाण्याने धुतला की चांगलं स्वच्छ जिप्सम मिळतं. केंद्र सरकारने २०१५ साली गंधकाच्या धुरावर मर्यादा घातल्या, तेव्हा सिमेंटवाल्यांचे डोळे या मालाकडे लागले होते. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना त्यातून सूट मिळाली. डहाणूच्या केंद्रात धूर धुतात, पण समुद्राच्या पाण्याने, त्यामुळे तिथून जिप्समचा खडाही निघत नाही.

जिप्सम मिळालं तरी ते गिरणीत सांभाळावं लागतं. या भागाबद्दल सिमेंटच्या जाहिराती कधी बोलत नाहीत आणि बांधकामावरची अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात. गोळ्यांच्या गिरणीत पोलादी गोळे क्लिंकरवर आदळत असतात, घर्षणाने ताप वाढतो. क्लिंकर आधीच गरम आला असेल आणि बाहेर चंद्रपूरचा मे महिना पेटला असेल, तर आतलं तापमान सहज १२० अंशांच्या पुढे जातं. तेवढ्यात जिप्सममधलं बरंचसं पाणी उडतं. उरतो तो पदार्थ म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. म्हणून गिरणीत पाण्याचा बारीक फवारा मारतात, थंड हवा खेळवतात आणि बाहेर पडणाऱ्या सिमेंटच्या तापावर नजर ठेवतात.

नजर चुकली तर गोणीत सिमेंटसोबत थोडं पीओपी जातं. साइटवर पाणी पडलं की पाच-दहा मिनिटांत हे पीओपी आपलं काम उरकून घेतं आणि माल एकदम घट्ट दिसायला लागतो. याला खोटं सेटिंग म्हणतात. खऱ्या फ्लॅश सेटपासून ते ओळखता येतं, कारण वाटी तापत नाही आणि पाणी न घालता जोर लावून पुन्हा कालवलं तर माल पूर्ववत सैल होतो. पण साइटवर हे कोण थांबून बघणार? एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ म्हणाले, "आमचं सिमेंट खोटं धरलं तर तेवढं नुकसान होत नाही. मिस्त्री त्यात पाइपाने पाणी सोडतो, ते होतं." घट्ट माल सैल करायला वाढवलेलं पाणी काँक्रीटची ताकद खातं, भिंतीवर केसाएवढ्या भेगा पाडतं आणि तक्रार जाते कंपनीच्या नावाने. माझ्या मते दोष दोघांचा, पण मुकादमाला पाच मिनिटं थांबायला शिकवणं गिरणी सुधारण्यापेक्षा स्वस्त आहे.

प्रमाणाचं गणितही दोन्ही बाजूंनी अडचणीचं. जिप्सम कमी पडलं तर माल आखडतो. जास्त झालं तर सल्फेट शिल्लक राहतं आणि काँक्रीट कडक झाल्यावरही एट्रिंगाइट तयार होत राहतं. ओल्या मालात या सुयांना जागा असते, कडक झालेल्यात नसते. मग त्या आतून ढकलतात. म्हणून सिमेंटमधल्या सल्फेटला मानकांनी वरची मर्यादा घातली आहे. सल्फर ट्रायऑक्साइडच्या हिशेबात ती साडेतीन टक्के. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन रसायनतज्ज्ञ मिखाएलिस याने या स्फटिकाला सिमेंटचा जंतू म्हटलं होतं. काँक्रीटला तो आतून पोखरतो हे त्याने पाहिलं होतं. पहिल्या तासात हवाहवासा आणि सहा महिन्यांनी जिवावर उठणारा, तो स्फटिक हाच.

आता प्लास्टरकडे. तिथे हाच दगड उलटा वागतो.

जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं. उरलेल्या भुकटीत पाणी घातलं की ती तेवढंच पाणी परत पिते आणि पुन्हा जिप्सम होते. हे असंच घडतं, असं फ्रेंच विज्ञान अकादमीसमोर १७६५ साली एकविशीतल्या लाव्हाझिएने मांडलं. त्याचा तो पहिला निबंध. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून ते पॅरिसचं प्लास्टर. सिमेंटमध्ये वेळ लांबवणारा हा दगड इथे घाई करतो. शुद्ध भुकटी दहा-वीस मिनिटांत धरते. म्हणून गोणीतल्या जिप्सम प्लास्टरमध्ये उलट वेळ लांबवणारं रसायन घालावं लागतं.

साइटवर दोन्ही कारागीर शेजारच्या खोल्यांत काम करत असतील तर फरक डोळ्यांना दिसतो. सिमेंटचा गिलावा करणारा गवंडी घमेलं नुसतं खंगाळून पुढचा माल घेतो. पीओपीचा कारागीर मात्र प्रत्येक खेपेनंतर बादली थापीने खरवडतो, पुसतो, कडेला चिकटलेला पांढरा पापुद्राही राहू देत नाही. ही स्वच्छतेची हौस नाही. आधीच्या मालाचे कण म्हणजे तयार स्फटिक. नव्या मालात ते पडले की त्यांच्याभोवती नवे स्फटिक झपाट्याने धरतात आणि वीस मिनिटांचा माल आठ मिनिटांत हातातून जातो. हा कारागीर आधी पाणी घेतो, त्यावर भुकटी भुरभुरवत सोडतो, ती आपोआप भिजू देतो आणि मगच ढवळतो. अंगावर यायला लागलेला माल पुन्हा पाणी घालून फेटत नाही. गुंतत चाललेले स्फटिक एकदा मोडले की पुन्हा जुळत नाहीत आणि भिंत खडूसारखी भुसभुशीत राहते. बिहारहून आलेल्या एका कारागिराला मी कारण विचारलं तर त्याने खांदे उडवले. "उस्ताद ने मारा था," एवढंच म्हणाला.

मोठ्या शहरांतल्या नव्या इमारतींत आतल्या भिंतींना आता सर्रास जिप्सम प्लास्टर असतं. बिल्डर कारण सांगतात ते भिंत गुळगुळीत होते हे. खरं कारण वेळेचं आणि वाळूचं. नदीची वाळू दुर्मीळ आणि महाग झाली. सिमेंटच्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारायचं, मग सुकायची वाट बघायची, मग पुट्टी. जिप्समला वाळू नाही, पाणी मारणं नाही, पुट्टीही जवळजवळ नाही. अर्ध्या इंचाचा थर पट्टीने ओढला की झालं. सिमेंटचा गिलावा सुकताना आकसतो आणि भेगाळतो, जिप्सम धरताना किंचित फुगतं आणि कोपरे भरून काढतं, त्यामुळे भेगा कमी. भिंत हलकी होते. आगीतही ते चांगलं टिकतं, कारण त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा अडकलेलं पाणी असतं आणि ते उडून जाईपर्यंत भिंतीचा ताप फारसा चढत नाही.

हे सगळे गुण खरे आहेत. पण भिंत कोरडी असेपर्यंत. जिप्सम एक लिटर पाण्यात दोन ग्रॅमच्या थोडं वर विरघळतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मुंबई-कोकणात बाहेरच्या भिंतीतून चार महिने ओल पाझरत असेल तर स्फटिकांची वीण सैल व्हायला तेवढं पुरतं. रंग फुगतो, पोपडे धरतात, बुरशी येते आणि हात लावला की पापुद्रे खाली. सिमेंटची भिंत ओलीने डागाळते, पण उभी राहते. दुसरं, सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, म्हणून त्यातलं लोखंड सहसा गंजत नाही. जिप्सम तसं नाही. त्यात साधा खिळा ठोकला आणि ओल आली की तांबडा ओघळ खाली उतरतो. छताच्या सांगाड्याला जस्ताचा मुलामा दिलेला पत्राच लागतो तो त्यासाठी.

पेणच्या आणि हमरापूरच्या कारखान्यांत हेच गुण-दोष गणपतीच्या रूपात भेटतात. शाडूची मूर्ती सुकायला दिवस लागतात. पीओपीची साच्यातून लगेच निघते, पोकळ असते, हलकी असते, प्रवासात तडकत नाही. विसर्जनात मात्र किलोभर जिप्सम पुरतं विरघळवायला साडेचारशे लिटरहून जास्त पाणी लागतं आणि तेही सावकाश. भिंतीत जो पदार्थ पाण्याला दाद देतो म्हणून वाईट, तोच तलावात पाण्याला दाद देत नाही म्हणून वाईट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सूचनांपासून २०२५ मधल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांपर्यंतचा वाद यावरच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर काढलेला उपाय रसायनशास्त्राला धरून आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती बुडवली की अमोनियम सल्फेट हे खत तयार होतं आणि तळाशी चुन्याचा खडू बसतो. १९५१ साली सुरू झालेला सिंद्रीचा खतकारखाना याच मुशीतल्या प्रक्रियेवर उभा होता. मिठाच्या डोंगररांगेतलं जिप्सम फाळणीत पलीकडे गेलं, म्हणून राजस्थानातून आगगाडीने दगड यायचा. उरलेला खडू शेजारच्या सिमेंट कारखान्यात जायचा.

सिमेंट आणि जिप्सम एकाच भिंतीवर भेटतात तिथे मात्र जपून. गळतं भोक चटकन बुजवायला काही गवंडी सिमेंटमध्ये मूठभर पीओपी टाकतात. ते धरतंही चटकन. पण ही मूठ म्हणजे सिमेंटला मर्यादेपलीकडे दिलेलं सल्फेट. भिंतीत ओल आहेच, ॲल्युमिनेट आहेच, पुढच्या पावसाळ्यापर्यंत एट्रिंगाइट आरामात वाढतं आणि बुजवलेली जागा आजूबाजूचा गिलावा घेऊन फुगते. न्हाणीघरात किंवा ओट्यामागे जिप्समच्या भिंतीवर सिमेंटच्या मालाने टाइल बसवली तरी तेच. चिकटण्याच्या रेषेवरच सुया वाढतात आणि वर्षभरात टाइल पोकळ वाजायला लागते, मग अख्खी निखळते. तिथे मुळात सिमेंटचाच गिलावा हवा. जिप्सम होऊनच गेलं असेल तर ते खरवडून काढायचं किंवा मध्ये अडसर घालणारा प्रायमर मारून जिप्समला चालणारा चिकट माल वापरायचा.

घर ताब्यात घेताना ही तपासणी कोणालाही करता येते. न्हाणीघराच्या पाठीमागची भिंत, खिडकीचा खालचा कोपरा, बाहेरच्या भिंतीचा तळ, या जागी किल्लीचं टोक दाबून बघायचं. सहज रुतलं आणि पांढरी भुकटी निघाली तर जिप्सम. सिमेंट असेल तर किल्लीच घासली जाते. या जागांवर जिप्सम निघालं तर रंगाच्या वरून जलरोधक लेप मारून देण्याची तयारी बिल्डर लगेच दाखवतो. ती घेऊ नये. गळती बाहेरून बंद करून घ्यायची, आतला थर विटेपर्यंत काढायला लावायचा, वीट पूर्ण सुकू द्यायची आणि त्या पट्ट्यात सिमेंटचा गिलावा करून त्यावर सात दिवस पाणी मारून घ्यायचं.